गिरगाव : वाड्या, चाळी आणि चौपाटी

धोबीतलावाहून उत्तरेकडे निघाले, की चिराबाजार, ठाकूरद्वार, प्रार्थना समाज आणि ऑपेरा हाऊस अशी नावे क्रमाने येतात. पूर्वेला भुलेश्वर आणि सी. पी. टँकचा गजबजाट, पश्चिमेला रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे अरबी समुद्र. या चिंचोळ्या पट्ट्याला गिरगाव म्हणतात. नकाशावर तो एका दृष्टिक्षेपात मावतो. परंतु गेल्या दोन शतकांतील मुंबईच्या मराठी समाजाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याची निम्मी पाने याच पट्ट्यात लिहावी लागतील.

गिरगाव हे नाव ‘गिरिग्राम’ यावरून आले, असे सांगितले जाते. मलबार टेकडीच्या पायथ्याशी वसलेले गाव म्हणून गिरिग्राम. इंग्रजी अमदानीच्या आरंभी हे खरोखरच गाव होते. नारळाच्या बागा, भाजीचे मळे, मधून मधून कोळ्यांची घरे आणि देवळे असे त्याचे स्वरूप होते. या भूतकाळाची साक्ष देणारे एकही झाड आज बहुधा सापडणार नाही; साक्ष आहे ती नावांत. मुगभाट, बोरभाट, कोळभाट या गल्ल्यांच्या नावांतील ‘भाट’ हा शब्द कोकणात आणि गोव्यात आजही नारळी-पोफळीच्या बागेसाठी वापरतात. केळेवाडी, आंबेवाडी, फणसवाडी, कांदेवाडी या नावांचा उलगडा करण्याची तर गरजच नाही. पुढे बागा तुटल्या, जमिनीचे तुकडे पडले आणि वाड्यांना पिकांऐवजी मालकांची नावे मिळू लागली. झावबावाडी, उरणकरवाडी, जितेकरवाडी, खटाववाडी ही त्या दुसऱ्या पिढीतील नावे. बाग गेली तरी वाडी राहिली, आणि ‘कुठल्या वाडीतले तुम्ही?’ हा प्रश्न गिरगावकराच्या ओळखीचा पहिला प्रश्न ठरला.

या बदलाला वेग आला तो १८०३ च्या आगीमुळे. त्या वर्षी फेब्रुवारीत कोटातील, म्हणजे किल्ल्याच्या तटबंदीच्या आतील, एतद्देशीयांच्या वस्तीला भीषण आग लागली. त्यानंतर तटाबाहेर घरे बांधण्याकडे लोकांचा कल वाढला. पाठारे प्रभू, सारस्वत, दैवज्ञ, पाचकळशी, ख्रिस्ती आणि गुजराती व्यापारी अशा अनेक समाजांनी गिरगाव आणि त्याच्या आसपास वस्ती केली. कोकणातून नोकरीसाठी येणाऱ्या ब्राह्मण आणि अन्य मध्यमवर्गीय कुटुंबांची भर त्यात पुढे पडत गेली.

या काळातील गिरगावचे सर्वांत मोठे नाव म्हणजे जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना (१८०३-१८६५). शहरातील शिक्षणसंस्थांपासून रेल्वेपर्यंत ज्या ज्या गोष्टींचा पाया त्या काळात घातला गेला, त्यातील बहुतेकांशी नानांचा संबंध आहे. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा समाजाचा रोष पत्करून नानांनी आपल्या वाड्याच्या आवारात शाळेला जागा दिली. सोनापूरची स्मशानभूमी दूर हलविण्याचा सरकारी विचार त्यांनी हाणून पाडला, हीदेखील लोकांच्या दृष्टीने तेवढीच मोठी कामगिरी होती. मृताला खांद्यावरून न्यावयाचे, तर अंतर हा गरिबासाठी फार महत्त्वाचा विषय असतो. गिरगावातून जाणारा मुख्य रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बोलताना मात्र लोक अजून ‘गिरगाव रोड’च म्हणतात.

चर्नी रोड या नावामागेही अशीच एक कथा आहे. मोकळ्या मैदानात गुरे चारण्यावर सरकारने १८३८ मध्ये शुल्क लावले. गरीब गुराख्यांना ते परवडेना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी स्वतःचे वीस हजार रुपये खर्चून ठाकूरद्वारजवळ कुरण विकत घेतले आणि तेथे गुरांना विनामूल्य चरावयास मोकळीक दिली. या ‘चरणी’वरून चर्नी रोड हे नाव पडले, असे सर्वसाधारणपणे मानतात. ठाण्याच्या चेंदणीतून आलेल्या लोकांच्या वस्तीवरून ते आले, असेही एक मत आहे. पण गिरगावकरांना पहिलीच कथा प्रिय आहे.

सुधारणेची पेठ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम भारतातील धर्मसुधारणेच्या जवळजवळ सर्व प्रवाहांचा संगम गिरगावात झाला. ३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाची स्थापना झाली. न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी पुढे या समाजाला वैचारिक बैठक दिली. समाजाचे मंदिर गिरगावात उभे राहिले आणि त्याचे नाव इतके रुळले, की ‘प्रार्थना समाज’ हा एका चळवळीपेक्षा बसथांब्याचा पत्ता म्हणूनच आज अधिक लोकांना ठाऊक आहे. मूर्तिपूजा नाकारणाऱ्यांचे हे मंदिर आणि त्याच्या आसपास दर दहा पावलांवर असलेली देवळे, हे दृश्य गिरगावात कोणाला विसंगत वाटत नाही. ठाकूरद्वारला काळा राम आणि गोरा राम असे रामाचेच दोन अवतार शेजारधर्माने नांदतात. झावबावाडीचे राममंदिर आणि फडकेवाडीचा गणपती ही श्रद्धास्थाने निराळीच.

स्वामी दयानंद सरस्वती यांनी आर्य समाजाची स्थापना केली तीही गिरगावातच, एप्रिल १८७५ मध्ये. चार वर्षांनी, १८७९ च्या फेब्रुवारीत, मादाम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईस उतरले आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे बिऱ्हाड त्यांनी प्रथम गिरगावच्या मागल्या रस्त्यावरील एका घरात थाटले. ‘थिऑसॉफिस्ट’ या मासिकाचा पहिला अंक त्याच वर्षी ऑक्टोबरात निघाला. अड्यारला जाण्यापूर्वीचा हा मुक्काम काही वर्षांचाच होता, पण त्या काळी जगाच्या पाठीवरील कोणताही नवा विचार मुंबईत आला, की त्याला पहिली जागा गिरगावात मिळत असे, हे यावरून दिसते.

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देऊन स्वावलंबी करण्याचा हा महाराष्ट्रातील पहिला मोठा प्रयत्न. सदन पुढच्याच वर्षी पुण्याला हलले, परंतु त्याच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा विवाह १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि पुढच्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाला निराळे वळण लागले. योगायोग असा, की ज्या वर्षी सदन उघडले त्याच १८८९ मध्ये विल्सन महाविद्यालयाची चौपाटीसमोरील गॉथिक शैलीची देखणी इमारत पूर्ण झाली. वास्तुशिल्पज्ञ जॉन अ‍ॅडम्स यांची ही रचना. डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेची परंपरा मात्र १८३२ पासूनची आहे.

चाळ नावाची संस्था

गिरगाव म्हणजे चाळ, हे समीकरण मात्र त्यानंतरचे. गिरण्या, रेल्वे, बंदर आणि सरकारी कचेऱ्या यांनी माणसे ओढून आणली आणि जमीनमालकांनी वाड्यांच्या रिकाम्या जागांवर तीन-चार मजली लाकडी चाळी उभारल्या. गिरणगावातील चाळी कामगारांच्या. गिरगावातील चाळी प्रामुख्याने कारकून, शिक्षक, वकील, छापखान्यातील जुळारी आणि दुकानदार यांच्या. मुंबईतील अनेक चाळींच्या मालकी व्यापारी कुटुंबांकडे होत्या आणि भाडेकरू कोकणातले, अशी ही विभागणी होती.

चाळीची रचना साधी. लांब सामाईक गॅलरी, तिला लाकडी कठडा, गॅलरीवर उघडणाऱ्या एक किंवा दोन खोल्या, खोलीच्या कोपऱ्यात मोरी आणि मजल्याच्या टोकाला सामाईक शौचकूप. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे राहत. त्यामुळे घराचा बराचसा संसार गॅलरीतच होई. अभ्यास गॅलरीत, पापड गॅलरीत, आजारी माणसाची खाट गॅलरीत आणि लग्नाची बोलणीही गॅलरीत. दार दिवसा लावून घेणे हा शिष्टाचाराचा भंग समजला जाई. या जीवनाचे पुढे फार गोडवे गायले गेले. त्यात तथ्य आहे. पण पहाटे चारला पाण्यासाठी उठणाऱ्या बायकांनी, खासगीपणाचा घोट न मिळालेल्या नवविवाहितांनी आणि सामाईक शौचकुपासमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी हे गोडवे लिहिलेले नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

चाळीने सार्वजनिक जीवनाला जे दिले त्यातील सर्वांत ठळक देणगी म्हणजे गणेशोत्सव. खाडिलकर मार्गावरील केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सुरू झालेला उत्सव मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव मानला जातो. १९०१ मध्ये लोकमान्य टिळकांनी या चाळीला भेट दिली. विशेष असे, की शहरभर मूर्तींची उंची वाढत गेली तरी येथील मूर्ती शाडूची आणि दोन फुटांच्या आसपासचीच राहिली. मिरवणूक पालखीतून निघते. निकदवरी लेनमधील ‘गिरगावचा राजा’ हे मंडळ १९२८ चे. व्याख्याने, मेळे, भावगीते, नकला यांचा जो कार्यक्रम दहा दिवस गल्लीगल्लीत चाले, त्यातून मराठी रंगभूमीला आणि चित्रपटाला किती कलावंत मिळाले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. पु. ल. देशपांडे यांचा जन्म १९१९ मध्ये जवळच्याच गावदेवीतील एका चाळीत झाला, एवढे सांगितले तरी पुरे.

चाळींच्या गर्दीत खोताची वाडी मात्र वेगळी दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ती वसली. त्यांनी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना जागा दिल्या. उतरती कौलारू छपरे, लाकडी नक्षीचे सज्जे, बाहेरून चढणारे जिने आणि उघडा व्हरांडा असलेली ही घरे पाहिली, की आपण वसईत आहोत की गोव्यात असा क्षणभर प्रश्न पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या प्लेगमधून वस्ती वाचली म्हणून कृतज्ञतेने उभारलेला क्रूस आजही वाडीत आहे. येथे एकेकाळी ६५ घरे होती. आता तिसाच्या आत उरली आहेत. वाडीच्या तोंडाशी असलेल्या अनंताश्रम या खाणावळीतील माशाच्या जेवणाची कीर्ती दूरवर होती. ती खाणावळही बंद झाली.

पडदा, रंगमंच आणि छापखाना

भारतीय चित्रपटाचा जन्म कोठे झाला, असे कोणी विचारल्यास गिरगावकर छाती पुढे काढून उत्तर देतो आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच असते. धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहिला तो गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूवजा चित्रगृहात. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण येऊ लागले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. दोन वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्याच सँडहर्स्ट रोडवरील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी प्रदर्शित झाला. बोलपटाचा मानही येथलाच. आर्देशिर इराणी यांचा ‘आलमआरा’ १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रगृहात लागला. गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना पाचारण करावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट कित्येक पट भावाने विकले गेले. आज ‘आलमआरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही आणि मॅजेस्टिक चित्रगृहही नाही, त्या जागी त्याच नावाचे व्यापारी संकुल आहे. कोरोनेशनचे तर नावही रस्त्यावर उरलेले नाही.

जे वाचले त्यात रॉयल ऑपेरा हाऊसचा क्रम पहिला. कोलकात्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी कराका यांच्या कल्पनेतून ही बरोक शैलीची वास्तू उभी राहिली. पंचम जॉर्ज यांच्या हस्ते १९११ मध्ये तिचे उद्घाटन झाले तेव्हा बांधकाम पूर्णही झाले नव्हते. पाश्चात्त्य संगीतिकेसाठी बांधलेल्या या रंगमंचावर पुढे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूर यांच्या नाटकांचे प्रयोग झाले. नंतर ते चित्रगृह बनले. १९५२ मध्ये गोंडलच्या राजघराण्याने ते विकत घेतले. १९९३ मध्ये ते बंद पडले. तेवीस वर्षे वास्तू धूळ खात होती. वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली तिचा जीर्णोद्धार होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. मालकाची इच्छा, पैसा आणि जाणकार हात एकत्र आले तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण. तथापि असे उदाहरण गिरगावात दुसरे दाखविता येत नाही.

मराठी नाटकाचे गिरगावातील घर केळेवाडीत आहे. मुंबई मराठी साहित्य संघाची स्थापना १९३५ मध्ये झाली. बोलपटाच्या लाटेत नाटक मंडळ्या बुडाल्या, तेव्हा डॉ. अमृत नारायण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्या मैदानावर नाट्यमहोत्सव भरवून रंगभूमीत धुगधुगी राखली. १९६४ मध्ये संघाचे स्वतःचे नाट्यगृह झाले आणि त्याला डॉ. भालेरावांचे नाव देण्यात आले. संगीताचे वातावरणही असेच दाट होते. लक्ष्मीबाग आणि ब्राह्मण सभेतल्या मैफली गवयाची कसोटी समजल्या जात. प्रा. बा. र. देवधर यांच्या ऑपेरा हाऊसजवळच्या संगीत विद्यालयात कुमार गंधर्व लहान वयात शिकावयास आले.

छापील शब्दाचेही हे माहेर. खटाववाडीतील मौज प्रकाशन गृहातून ‘सत्यकथा’ हे मासिक १९८२ पर्यंत निघत होते. मराठी नवकथा आणि नवकविता यांची जडणघडण त्याच्या पानांवर झाली. केशवराव कोठावळे यांच्या मॅजेस्टिक बुक स्टॉलमध्ये पुस्तके चाळत लेखकांच्या गप्पा रंगत आणि १९६४ पासून तेथूनच ‘ललित’ हे ग्रंथप्रेमींचे मासिक निघू लागले.

वाळूवरचे राजकारण

चौपाटी ही आज भेळ, बर्फाचा गोळा आणि विसर्जन यांसाठी प्रसिद्ध असली, तरी अर्धशतकभर ती मुंबईची लोकसभा होती. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळाच्या दिवशी पहाटेपासून हजारो लोक येथे समुद्रस्नानासाठी जमले. महात्मा गांधी त्यात होते. स्नानानंतर मिरवणूक ठाकूरद्वारकडे गेली. १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात लोकमान्यांचे निधन झाले आणि अपवाद म्हणून त्यांच्यावर चौपाटीच्या वाळूत अंत्यसंस्कार करण्यात आले. भर पावसात लोटलेल्या त्या जनसागराची आठवण म्हणून आज तेथे लोकमान्यांचा पुतळा आहे. अवंतिकाबाई गोखले यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेला हिंद महिला समाज याच परिसरातला. गांधीजींचे मराठीतील पहिले चरित्रही त्यांनीच त्याच वर्षी लिहिले. काँग्रेस हाऊसच्या आवारातील पीपल्स जिना हॉल हीसुद्धा त्याच काळाची खूण. गव्हर्नर विलिंग्डन यांच्या सन्मानाला विरोध करणाऱ्या बॅ. जिनांच्या गौरवार्थ मुंबईकरांनी एकेक रुपया वर्गणी देऊन तो उभारला होता.

२० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीने वेगळे रूप पाहिले. मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांनी या सभेत संयुक्त महाराष्ट्राची मागणी धिक्कारणारी भाषणे केली आणि श्रोत्यांनी सभा उधळली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. १९५६ च्या जानेवारीत गिरगावच्या गल्ल्यांतही बंदुका झडल्या. गॅलरीच्या कठड्याशी उभे राहून पाहणारेही त्यातून सुटले नाहीत.

भाडे, पागडी आणि पुनर्विकास

गिरगावचे आजचे दुखणे मात्र गोळीबाराचे नसून भाडेपावतीचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी गोठविण्यात आली आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १९४० च्या पातळीवरील भाडे हेच प्रमाण भाडे ठरविले. भाडेकरूला संरक्षण मिळाले. मालकाला दुरुस्तीतील रस संपला. नव्या भाडेकरूकडून ‘पागडी’ घेऊन खोली देण्याची प्रथा पडली. ती १९९९ च्या कायद्याने उजळमाथ्याने वावरू लागली, तोवर दोन पिढ्या तिच्यावर जगल्या होत्या. पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि दक्षिण व मध्य मुंबईतील सुमारे १९,६०० इमारती उपकरप्राप्त ठरल्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती त्यातील ‘अ’ वर्गात येतात. गिरगावच्या बहुतेक चाळी याच वर्गातल्या. उपकरातून दुरुस्ती होई ती टेकू लावण्यापुरतीच.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने जुन्या भाडेकरूंना विनामूल्य घर देणाऱ्या विकासकाला वाढीव चटईक्षेत्र देऊ केले आणि चाळींच्या जागी मनोरे उभे राहू लागले. ज्यांना आयुष्यभर स्वतःचे न्हाणीघर नव्हते त्यांना ते मिळाले, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. पण सगळ्यांचाच शेवट असा झाला नाही. चाळ रिकामी करून संक्रमण शिबिरात गेलेली कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे तेथेच अडकली. ज्यांना मनोऱ्यात घर मिळाले त्यांच्यापैकी अनेकांना देखभाल खर्च परवडेना. भाऊ-भाऊ वाटणीसाठी खोली विकून दहिसर, डोंबिवली, विरार गाठू लागले. शाळांच्या मराठी तुकड्या ओस पडत गेल्या आणि खानावळींच्या जागी जवाहिऱ्यांची व कपड्यांची दुकाने आली. ऑपेरा हाऊसचा हिरेबाजारही २०१० नंतर बराचसा वांद्रे-कुर्ला संकुलात गेला. १३ जुलै २०११ च्या बॉम्बस्फोटांनी त्या स्थलांतराला घाईच झाली.

भुयारी मेट्रोच्या कामासाठी गिरगाव आणि काळबादेवी येथील काही जुन्या इमारती पाडल्या जाणार, हे कळले तेव्हा रहिवाशांनी दीर्घ आंदोलन केले. त्यांची मागणी मोबदल्याची नव्हती. पुनर्वसन गिरगावातच व्हावे, एवढीच होती. ती तत्त्वतः मान्य झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा अखेरचा टप्पा सुरू झाला आणि गिरगाव हे भुयारी स्थानक वापरात आले. पुढे मुंबई सेंट्रलच्या स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे.

गुढीपाडव्याच्या सकाळी फडके गणेश मंदिराच्या परिसरातून शोभायात्रा निघते, तेव्हा नऊवारी नेसून मोटारसायकलवर स्वार झालेल्या मुली आणि ढोल-ताशांची पथके यांनी रस्ता भरून जातो. त्या गर्दीतील बऱ्याच जणांनी पहाटेची लोकल उपनगरातून पकडलेली असते. अनंत चतुर्दशीलाही तेच. आजोबांच्या चाळीच्या गणपतीला खांदा देण्यासाठी नातू डोंबिवलीहून येतो, चौपाटीवर विसर्जन होते, आणि रात्री उशिरा तो चर्नी रोड स्थानकाच्या पायऱ्या चढतो.